पापणीला लावलेलं अंडं

मी आयुष्यात ज्या एका माणसावर मनापासून जळलो, तो नववी नापास होता. आणि मी पीएच.डी. हसा आता.

आमच्या सांगलीच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळेचे शिपाई. काचसामान धुवायचं, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, प्रॅक्टिकलला टेबलं मांडायची. कॉलेजातल्या अशा सगळ्या माणसांना पोरं मामा म्हणतात. पण बाकीच्या मामांच्या मागे-पुढे काहीतरी असायचं, लायब्ररीतले मामा, ऑफिसचे मामा. यांना नुसतं मामा. कुणीही, कुठेही ‘मामा’ म्हटलं की हेच. मला मात्र सगळे ‘ते म्हसवडचे सर’ म्हणायचे, कारण माझ्या आडनावाचे आणखी दोघे होते. ह्याचासुद्धा मला राग यायचा.

माझा विषय रक्तवाहिन्यांचा. शरीरात नवी रक्तवाहिनी उगीच फुटत नाही. एखाद्या भागाला रक्त कमी पडलं, प्राणवायू पुरेनासा झाला, की तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात. ते शेजारच्या वाहिनीपर्यंत पोचलं की तिला कोंब फुटतो आणि तो कोंब त्या भागाकडे वाढत जातो. गर्भात हे झालं नाही तर जीवच उभा राहत नाही. जखम भरते तीही याच्याच जोरावर. आणि हेच प्रथिन नको तिथे, नको तेवढं सुटलं तर कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवतं, मधुमेह्याच्या डोळ्यात कच्च्या वाहिन्या उगवून पडद्याची वाट लावतं. त्याला मराठीत आम्ही ‘वाहिनीवर्धक घटक’ म्हणतो आणि पोरं जांभया देतात.

हे सगळं डोळ्यांनी बघायची सगळ्यांत स्वस्त जागा म्हणजे कोंबडीचं अंडं. तीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, आणि आत लाल जाळं कसं पसरतं ते रोज बघायचं. आतल्या पडद्यावर औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली की वाहिन्या तिच्याकडे येतात की तिला टाळतात, ते मोजायचं. पुस्तकात हे फार सोपं लिहिलेलं असतं.

मी पहिल्या झटक्यात दुकानातून पाच डझन पांढरीशुभ्र अंडी आणली. उबवणीच्या यंत्रात ठेवली. तीन दिवस गेले, पाच गेले, आत नुसता पिवळा बलक. मग तापमान अर्धा अंश वाढवून बघितलं, मग कमी करून बघितलं. आर्द्रतेचे तक्ते केले. आणखी पाच डझन. असा महिना गेला. मामा रोज फरशी पुसायचे, यंत्राशी थांबायचे, आत बघायचे आणि बादली उचलून निघून जायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, “सर, रागावणार नसला तर बोलू का?”

“बोला.”

“ह्यात काय बी निघायचं न्हाई. ही पोल्ट्रीची अंडी हायती. ह्या कोंबड्यांनी जल्मात कोंबडा बघितला न्हाई.”

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी ओरडलोच, “मग महिनाभर काय तोंडाला कुलूप होतं?”

“आवं, तुमी पीएच.डी. मला वाटलं, तसं बी काय शास्त्र आसंल.”

आता यात त्यांची काय चूक? पण त्या दिवसापासून जे माझ्या पोटात दुखायला लागलं, ते थांबलंच नाही.

पुढच्या सोमवारी मामा गावठी अंडी घेऊन आले. त्यांचं घराणंच कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातलं. बापाने पायी कुंडल, पलूस, विट्याचे बाजार केले होते, आणि आता भाऊ-पुतणे मोटारसायकलीला जाळ्या बांधून तेच करतात. मामा एकटे नोकरीत शिरले. त्यांच्याकडे एक बंडी होती, बायकोने आतून चौदा खिसे शिवलेली. प्रत्येक खिशात एक अंडं. ती घालून ते एसटीत बसायचे आणि शेजारी कोणी टेकलं की म्हणायचे, “पावणं, जरा सरकून. पोराबाळांसंगट निघालोय.” पण अंडं मात्र कधी खायचे नाहीत. ईदेला नाही, दुसऱ्याच्या लग्नात नाही. “रोज ज्येच्यासंगं बोलतो त्येला खायचं कसं?” म्हणायचे.

मी अंड्यांना नंबर द्यायचो. मामा पेन्सिलीने गावाचं नाव घालायचे. कुंडल एक, कुंडल दोन, पलूस, म्हसवड. माझ्या हातून नेमकी म्हसवडची अंडी मरायची, आणि मग मामा मान हलवून म्हणायचे, “दुष्काळी गावचं अंडं चिवट आसतंय सर. ह्ये कसं काय गेलं?” मी म्हसवडचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांची सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे अंड्याची ऊब बघायची. यंत्राला थर्मामीटर होता, आकडे दाखवणारा. मामा त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. अंडं उचलायचे, डोळा मिटायचे आणि पापणीला लावायचे. दोन क्षण. “जरा गार हाय.” किंवा, “चांगलं हाय, झोपू द्या.” मी गुपचूप थर्मामीटर बघायचो. बरोबर असायचं. वर्षभर मी त्यांची एक चूक पकडायची म्हणून वहीत नोंदी ठेवल्या. वही भरली. चूक सापडली नाही. घरी कुणी नसताना मीही पापणीला अंडं लावून बघितलं. मला काहीच कळलं नाही, तेवढ्यात बायको आली आणि विचारलं, “डोळा आलाय का?”

आणि खिडकी! कवच कापताना आतल्या पडद्याला सुई लागली की एखादी वाहिनी तुटते, रक्त पसरतं आणि खेळ खलास. माझी दहातली चार अंडी अशी जायची, आणि मी ते चांगलं समजायचो. मामांचं एक जायचं नाही. दाढीच्या ब्लेडचा तुकडा काडीला बांधून केलेलं त्यांचं हत्यार. श्वास धरून गोल फिरवायचे, कवचाची चकती अलगद उचलायचे, आणि आतलं इवलंसं हृदय उडताना दिसलं की हळूच म्हणायचे, “सलाम आलेकुम.” एम.एस्सी.ची पोरं भोवती गोळा. माझ्या व्याख्यानाला मागचे दोन बाक रिकामे असायचे. मामांच्या टेबलाशी पाय ठेवायला जागा नसायची.

पोरांना ते माझा विषय शिकवायचे, आणि माझ्यापेक्षा बरा. “उपाशी पेशी हाक मारती,” ते सांगायचे, “आन शेजारची नळी म्हणती, आले गं बाय. ती धावत येती. अंड्यात ही हाक म्हंजी बरकत. म्हाताऱ्या डोळ्यात तीच हाक म्हंजी आफत. हाक एकच.” झालं. परीक्षेत अकरा पोरांनी लिहिलं, ‘उपाशी पेशी हाक मारते.’ मी अकराही जणांचा अर्धा अर्धा मार्क कापला. शेरा मारला: ‘शास्त्रीय भाषा वापरा.’

एकदा कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. मी चाळीस स्लाइडचं भाषण तयार केलं, नवा शर्ट घेतला. आदल्या दिवशी कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि उबवणी यंत्र बंद पडलं. मी डोकं धरून बसलो. मामा म्हणाले, “यंत्र न्हवतं तवा काय पिल्लं निघत न्हवती व्हय?” आणि दुपारच्या गाडीने कुंडलला जाऊन पाटीतून एक खुडूक कोंबडी घेऊन आले. खुडूक म्हणजे अंडी घालायची थांबून उबवायला बसलेली. खिडक्या पाडलेल्या अंड्यांखाली त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, कारण ती हलवून चालत नाहीत. अजून न उघडलेली बारा अंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबडीखाली सरकवली. समिती आली. प्रमुख बाई मोठ्या शास्त्रज्ञ, चेहरा कडक. कपाटातून ‘कुर्रर्र’ आवाज आला. बाईंनी दार उघडलं आणि कोंबडीने त्यांना टोच मारली.

मी मनात म्हटलं, संपले आता मामा. वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही.

बाई साडी सावरून फरशीवर बसल्या. मामा शेजारी उकिडवे. अर्धा तास! कोंबडी अंडी दिवसात किती वेळा फिरवते, पापणीला ऊब कशी कळते, सगळं विचारून घेतलं. शेवटी बाईंनी स्वतः पापणीला अंडं लावून बघितलं आणि “अरे, खरंच की!” म्हणाल्या. त्यांनाही कळलं म्हणे! माझ्या स्लाइड वेळेअभावी राहून गेल्या. समितीच्या अहवालात आमच्या विभागाचं कौतुक होतं, आणि ते कशाचं होतं ते सांगायला नकोच.

मी सूड उगवला तो माझ्या पद्धतीने. दोनशे अंड्यांवर माझा शोधनिबंध छापून आला. दोनशेही खिडक्या मामांच्या हातच्या. शेवटी आभाराची एक ओळ मी लिहिली: ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.’ नाव नाही. मामांनी माझ्याकडे एक प्रत मागून घेतली. पुढे ईदेला त्यांच्या घरी गेलो तर ते पान भिंतीवर काचेत लावलेलं. आल्या-गेल्याला त्या ओळीवर बोट ठेवून सांगत होते, “कर्मचारी. ह्यो मीच.” मामींनी शिरखुर्म्याची वाटी पुढे केली. मी वाटी तशीच खाली ठेवली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते.

मामांच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा. मेहुणा गुळाच्या अडतीवर हमाली करायचा, त्यामुळे घरात गूळ भरपूर. त्यांना साखरेचा आजार आहे हे सगळ्यांना माहीत होतं. “हाय थोडी. गोड माणसाला गोड आजार,” म्हणून हसायचे आणि खडा तोंडात टाकायचे. गोळ्या आठवण आली तर घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलमध्ये, सांगली भट्टीसारखी तापलेली असताना मामा सकाळी प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, “आज धुकं लय हाय, न्हाई?” मी खिडकीबाहेर बघितलं. डोळे दिपवणारं ऊन. मी “हं” म्हटलं.

दोन दिवसांनी ते स्टुलावर चढून ट्यूबलाइट झाडत होते. “कोळिष्टकं लय झाल्यात,” म्हणाले. ट्यूबलाइट लख्ख होती. मी खाली उभा होतो, वर बघत होतो, आणि मला कळलं. साखरेने रक्त कमी पडलेला डोळ्याचा पडदा हाका मारत सुटतो, कच्च्या वाहिन्या उगवतात, फुटतात, आणि रक्ताचे धागे डोळ्यापुढे तरंगायला लागतात. माणसाला वाटतं कोळ्याचं जाळं आहे. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्याच आठवड्यात शिकवलं होतं. लगेच डॉक्टर गाठला, त्या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन डोळ्यात दिलं, तर नजर वाचू शकते, हेही मीच शिकवलं होतं.

मी म्हटलं, “सावकाश उतरा मामा.” आणि जाऊन माझ्या खुर्चीत बसलो.

त्या आठवड्यात मामांच्या हातून पहिल्यांदा वाहिनी तुटली. मग रोज एक-दोन. पोरं माझ्या टेबलाकडे वळायला लागली. मामा आपणहून म्हणाले, “सर, तुमीच पाडा आता खिडक्या. माजा हात जड झालाय.” आणि काय सांगू, मला जमायला लागलं! दहातली नऊ, मग दहातली दहा. पोरं “वा सर!” म्हणायची. एक पोरगी म्हणाली, “सर, तुमचा हात मामांसारखा आहे.” ते ऐकून मी घरी जाताना पेढे घेतले. काम करताना शीळ घालायला लागलो, जी मी लहानपणी शेवटची घातली असेल.

उद्या सांगू, म्हणायचो. त्यांना घरचे आहेत, घरचे बघतील. मी काय डोळ्यांचा डॉक्टर आहे? चुकीचं सांगितलं तर उगाच घाबरतील. ही सगळी पळवाट होती. खरं एवढंच की मला बरं वाटत होतं. तो माणूस तिथे कोपऱ्यात स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होता, आणि मला बरं वाटत होतं. मी थुत म्हणतो स्वतःला, पण ते तसं होतं.

ट्यूबलाइट झाडल्यापासून बाविसाव्या दिवशी मामांनी एक अंडं टेबलावर ठेवलं, आणि तिथे टेबल नव्हतं. अंडं फुटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून पडलेलं पहिलं अंडं. ते खाली वाकले आणि फरशीवर हाताने चाचपायला लागले. आत आठ दिवसांचा जीव होता. “कुठलं हुतं?” त्यांनी विचारलं. कवचाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मी वाचलं. “म्हसवड,” मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. मी त्यांना दंडाला धरून उठवलं, स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

उजव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला सावल्यांपलीकडे काही दिसलं नाही. डाव्यात सुरुवात होती. तो इंजेक्शनांवर धरला. महिन्याला एक. मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, “तीन आठवडे आधी आणलं असतं तर?” ते म्हणाले, “खात्रीने सांगता येत नाही. पण लवकर आलेलं केव्हाही चांगलंच.”

मामा मात्र सगळीकडे सांगत सुटले, “सरांनी डोळा वाचवला माजा! सरांनी वळखलं म्हणून, न्हाईतर दोन्ही गेलं आसतं.” कॉलेजात सांगितलं, बाजारात सांगितलं, मशिदीत सांगितलं. मामींनी माझ्या बायकोचे हात हातात घेऊन दुवा दिल्या. मला लोक रस्त्यात थांबवून “मोठं काम केलंत” म्हणायचे. इतका मान मला निबंधानेसुद्धा मिळाला नव्हता. मी तो घेतला. मान खाली घालून घेतला, लोकांना तो विनय वाटला.

तिसऱ्या इंजेक्शनला आम्ही दोघे दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. डोळ्यात थेंब घालून त्यांना बसवलेलं. आजूबाजूचे चार-पाच रुग्ण इंजेक्शनला घाबरलेले, आणि मामा त्यांना उपाशी पेशीची हाक समजावून सांगत होते. एक म्हातारी म्हणाली, “किती सोपं सांगता वो तुमी! मास्तर हाय का?” मामांनी माझ्याकडे बोट केलं. “मास्तर ह्ये. मी निस्ता कर्मचारी.”

माझा धीर सुटला. बाकीचे आत-बाहेर गेले तशी मी म्हणालो, “मामा, मला बावीस दिवस आधीच कळलं होतं. तुम्ही कोळिष्टकं झाडत होता तेव्हाच. मी बोललो नाही.”

ते म्हणाले, “मला ठावं हाय.”

“काय ठाऊक आहे?”

“तुमी तवा ट्यूबकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं, आन ‘सावकाश उतरा’ म्हनला. इतक्या सालांत तुमी मला कवा सावकाश म्हनला न्हाई.”

“मग तुम्ही का नाही विचारलंत?”

“औषीद आसतंय ह्ये मला कुठं ठावं? मला वाटलं, गेला डोळा तो गेलाच. आन तुमचं नशीब उघडल्यालं. म्हटलं, आसू द्या. एकाचं जातंय तर जातंय, एकाला तरी गवसू दे.” ते हसले. “दिसत न्हवतं, पर कानानं मोजायचो. खिडकी चांगली पडली की तुमी शीळ घालायचा. एक दिवस तर सतरा येळा घातली. घरी जाऊन हिला सांगितलं, सर आज लय खुशीत हुते बग.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी इतकी वर्षं त्यांच्या हातावर जळलो, पापणीवर जळलो, पोरांच्या गर्दीवर जळलो. खरं जळण्यासारखं जे होतं ते मला त्या बाकावर पहिल्यांदा दिसलं, आणि ते मला कुठल्याही सरावाने जमणार नव्हतं.

आतून नर्सने त्यांना हाक मारली. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

“सर,” ते वळून म्हणाले, “ह्या दोन-तीन म्हयन्यांत शीळ ऐकू आली न्हाई. अंडी मरत्यात व्हय?”